कार्नेगी हॉल हाऊसफुल्ल करणारी बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या बारमध्ये मात्र गाऊ शकत नव्हती

तारीख २७ मार्च १९४८. न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर येणारी गायिका ११ दिवसांपूर्वीच तुरुंगातून सुटली होती. नाव बिली हॉलिडे. ती आली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पण गंमत बघा, याच शहरातल्या एखाद्या साध्या बारमध्ये तिला गायचं म्हटलं तर कायद्याने परवानगी नव्हती.

असं का? त्यासाठी तिची गोष्ट सुरुवातीपासून बघायला लागेल.

७ एप्रिल १९१५ ला फिलाडेल्फियात तिचा जन्म झाला. खरं नाव एलिनोरा फेगन. आई सेडी जेमतेम १९ वर्षांची, तर वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटार वाजवायचे. ते या मायलेकींसोबत कधी राहिलेच नाहीत. लहानपण गेलं बाल्टिमोरमध्ये. आई कामासाठी बाहेर, पोरगी नातेवाईकांकडे.

नऊ वर्षांची असताना शाळा बुडवते म्हणून तिला सुधारगृहात पाठवलं. अकराव्या वर्षी शेजाऱ्याने तिच्यावर बलात्कार केला, तर पुन्हा तिलाच त्या संस्थेत नेऊन ठेवलं. पुढे मायलेकी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आल्या. तिथे चौदाव्या वर्षी वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली तिला अटक झाली. कायद्याशी तिची ओळख झाली ती अशी.

या सगळ्यात गाणं कुठून आलं? तर ग्रामोफोनवरून. बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून ती शिकली. ना गुरू, ना शिकवणी. हार्लेमच्या क्लबांमध्ये गायला लागली तेव्हा तिने नाव बदललं. 'बिली' घेतलं बिली डव्ह या नटीवरून आणि 'हॉलिडे' वडिलांकडून.

१९३३ मध्ये जॉन हॅमंड या निर्मात्याने तिला एका क्लबमध्ये ऐकलं. त्याच वर्षी बेनी गुडमनसोबत तिचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. वय फक्त १८.

आता तिच्या गाण्यात एवढं काय होतं? आवाजाचा पल्ला फार मोठा नव्हता, जेमतेम सप्तकभर. पण लय तिच्या मुठीत होती. ती ठेक्याच्या जरा मागे रेंगाळायची, वाटायचं आता चुकणार, आणि बरोबर जागेवर येऊन थांबायची. मूळ चाल मोडून स्वतःची करायची. आवाज एखाद्या वाद्यासारखा वापरायची. सॅक्सोफोन वाजवणारा लेस्टर यंग आणि ती, दोघांचं सूत असं जुळलं की गाणं आणि वादन म्हणजे दोन मित्रांच्या गप्पाच वाटायच्या. 'लेडी डे' हे तिचं प्रसिद्ध टोपणनाव लेस्टरनेच ठेवलं.

१९३८ मध्ये ती आर्टी शॉच्या ऑर्केस्ट्रात गायला लागली. गोऱ्या वादकांच्या ताफ्यात कृष्णवर्णीय गायिका, ही तेव्हा फार दुर्मिळ गोष्ट होती. त्याचा त्रासही झाला. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला इतरांसोबत लिफ्टने जाता येईना, सामानाची लिफ्ट वापरायला सांगितली गेली. हॉटेलचं नाव होतं लिंकन! ती ऑर्केस्ट्रा सोडून निघाली.

आणि मग आलं ते गाणं, 'स्ट्रेंज फ्रूट'.

ते लिहिलं होतं एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या ज्यू शिक्षकाने. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांचे जमाव कृष्णवर्णीयांना ठार मारून झाडाला लटकवत. गाण्यातलं 'विचित्र फळ' म्हणजे तेच मृतदेह. १९३९ मध्ये 'कॅफे सोसायटी' या क्लबमध्ये बिली ते गायला लागली. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसू शकतील असा हा क्लब होता.

तिथे या गाण्याचे नियम ठरलेले. कार्यक्रमाच्या शेवटीच गायचं. त्याआधी वेटरनी काम थांबवायचं. सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की अंधार, आणि कितीही टाळ्या पडल्या तरी ती परत यायची नाही.

तिच्या नेहमीच्या कंपनीने, म्हणजे कोलंबियाने, ते रेकॉर्ड करायला नकार दिला. शेवटी 'कमोडोर' या छोट्या कंपनीने ते काढलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं तिने स्वतः लिहिलेलं 'फाइन अँड मेलो'. साठ वर्षांनी 'टाइम' मासिकाने 'स्ट्रेंज फ्रूट'ला शतकातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं.

तिने फार गाणी लिहिली नाहीत, पण लिहिली ती टिकली. पैशावरून आईशी झालेल्या भांडणातून आर्थर हर्झॉगसोबत तिने 'गॉड ब्लेस द चाइल्ड' लिहिलं. ज्याच्या गाठीला चार पैसे असतात त्यालाच जग विचारतं, हा त्याचा सूर. 'डोन्ट एक्स्प्लेन' नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणातून आलं.

याच काळात ती हेरॉइनच्या आहारी गेली. मे १९४७ मध्ये अटक झाली. तिने गुन्हा कबूल केला, शिक्षा मिळाली एक वर्ष आणि एक दिवस. वेस्ट व्हर्जिनियातल्या आल्डरसनच्या तुरुंगात तिने दहा महिने काढले.

खरी शिक्षा मात्र सुटल्यावर सुरू झाली.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा 'कॅबरे कार्ड' नावाचा परवाना लागायचा. जिथे दारू विकली जाते तिथे काम करायचं तर पोलिसांकडून हे कार्ड घ्यायचं. शिक्षा झालेल्यांना ते नाकारता यायचं. बिलीला कार्ड मिळालं नाही. कार्नेगी हॉलमध्ये दारू विकत नव्हते, म्हणून तिथे चाललं. पण जॅझ गायकांचं पोट भरायचं ते क्लबांवर. एक-दोन अपवाद सोडले तर न्यूयॉर्कचे क्लब तिला कायमचे बंद झाले.

मग फिरती सुरू झाली. या शहरातून त्या शहरात, १९५४ मध्ये युरोपात. सोबत पैसे खाणारे, मारहाण करणारे पुरुष, आणि व्यसन. सुरुवातीच्या अनेक गाण्यांचे एकदाच ठरावीक पैसे मिळाले होते, त्यावर रॉयल्टी नव्हती. १९५६ च्या आत्मचरित्रात तिने मांडलं की व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणसाला पोलिसाची नाही, डॉक्टरची गरज असते.

३१ मे १९५९ ला तिला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल केलं. यकृत आणि हृदय, दोन्ही थकले होते. तिथेही खोलीत अमली पदार्थ सापडल्याचं सांगून पोलिसांनी तिला पलंगावरच अटक केली आणि दाराशी पहारा बसवला. १७ जुलैला ती गेली. वय ४४. बँकेतल्या खात्यात होते ७० सेंट.

कॅबरे कार्डची सक्ती न्यूयॉर्कने १९६७ मध्ये काढून टाकली. बिलीला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आज न्यूयॉर्कच्या कुठल्याही बारमध्ये तिचं गाणं वाजू शकतं. त्यासाठी तिला आता कुणाच्या परवान्याची गरज नाही.