भुकेचा हिशेब : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली म्हणजे रणांगण गाजविणारे वीर, राज्ये स्थापणारे राजे किंवा भक्तिमार्ग दाखविणारे संत आपल्या नजरेसमोर उभे राहतात. ज्याने आयुष्यभर केवळ आकडे मोजले, अशा मनुष्याचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु ते आकडे जर गोरगरिबांच्या पोटातील भुकेचे असतील, आणि त्यांत चूक झाली असता खऱ्या भुकेल्याच्या तोंडचा घास हुकणार असेल, तर ते मोजणे हेही एक प्रकारचे सेवाव्रतच होय. म्हणून या वर्षी आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

सुखात्मे यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या खेडेगावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 साली गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले व पुढल्याच वर्षी उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेज हे त्या काळी संख्याशास्त्राचे माहेरघरच होते. इगॉन पिअर्सन, जर्झी नेमन आणि रोनाल्ड फिशर हे या शास्त्राचे तीन धुरंधर एकाच वास्तूत काम करीत होते. संपूर्ण राशी न मोजता तीतील थोडासा नमुना घेऊन सर्व राशीविषयी अनुमान कसे बांधावे, हा सुखात्मे यांच्या अभ्यासाचा विषय होता. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपल्या गृहिणींची रीत सर्वांस ठाऊकच आहे. किती शिते घ्यावी, कोठून घ्यावी, आणि अंदाज किती चुकण्याचा संभव आहे, हे गणिताने ठरविणे म्हणजे नमुना पाहणीचे शास्त्र. याच विद्येत 1936 साली लंडन विद्यापीठाने त्यांस पीएच. डी. ही पदवी दिली.

स्वदेशी परत आल्यावर काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांची त्यांनी भेट घेतली. मालवीयजींनी त्यांच्या पदव्यांविषयी फारशी चौकशी केली नाही. या विद्येचा आपल्या देशातील दरिद्री, उपाशी जनतेला काय उपयोग, एवढेच त्यांनी विचारले. तरुण सुखात्मे यांच्यापाशी त्या वेळी या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नव्हते. दुसरा एखादा मनुष्य मनात खट्टू होऊन तो प्रसंग विसरून गेला असता. सुखात्मे यांनी मात्र तो प्रश्न जन्मभर उराशी बाळगला. त्यांचे पुढील आयुष्य म्हणजे या एका प्रश्नास दिलेले दीर्घ उत्तरच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत काही काळ अध्यापन करून 1940 साली ते दिल्लीस कृषिसंशोधन परिषदेत रुजू झाले. देशात धान्य पिकते किती, हेच तेव्हा कोणास खात्रीने सांगता येत नव्हते. पीक किती आणे आहे हे बांधावरून नजरेने ठरविण्याची, म्हणजे आणेवारीची रीत होती. आमच्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांस पैसेवारी हा शब्द आजही परिचयाचा आहे, तो या आणेवारीचाच वारस होय. नजरेचा अंदाज हा पाहणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून. सोळा आणे पीक म्हणजे काय, यावर दोन माणसांचे एकमत होणे कठीण. त्यातच 1943 साली बंगालात भयंकर दुष्काळ पडून लक्षावधी माणसे प्राणास मुकली. अशा काळी धान्याचा खोटा हिशेब हा केवळ कागदावरचा दोष राहत नाही.

सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांचा मार्ग स्वीकारला. गावे, गावांतील शेते आणि शेतातील जागा ही सर्व चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडावयाची, त्या जागी दोरी लावून तुकडा आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून तोलावयाचे, आणि त्यावरून सर्व जिल्ह्याचे उत्पन्न काढावयाचे, असा हा प्रयोग असतो. येथे एक वाद उपस्थित झाला. कित्येक शास्त्रज्ञ दोन-चार फूट त्रिज्येची लहान वर्तुळे पसंत करीत, कारण त्यांत श्रम थोडे. लहान तुकड्यांवरून उत्पन्नाचा आकडा वास्तविकाहून फुगतो, हे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी सिद्ध केले व 1946 साली ‘नेचर’ या जगद्विख्यात शास्त्रीय नियतकालिकात तसे प्रसिद्ध केले.

याचे इंगित आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. दोरीच्या काठावरचे रोप आत धरावे की बाहेर, असा संशय पडला म्हणजे मनुष्याचा हात ते आत ओढतो. समजा, या मोहाने सीमा तीन इंच बाहेर सरकली. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ त्यामुळे शेकडा 26 हून अधिक वाढते. पण 33 फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाएवढ्या चौकोनाची चारही बाजूंची सीमा तितकीच सरकली, तर वाढ शेकडा पाचांच्या आतच राहते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. चूक लबाडीची नव्हे, नकळत झालेली. तथापि तिच्यामुळे नसलेले धान्य कागदावर दिसू लागते. मोठ्या तुकड्यांची, यदृच्छ निवडीची ही पद्धत पुढे देशभर रूढ झाली. हल्ली पीक विम्याची भरपाई ठरविताना अशाच कापणी प्रयोगांचा आधार घेतात, तेव्हा हिंगणघाट वा आर्वी भागातील शेतकऱ्यालाही सुखात्मे यांच्या परिश्रमांचा स्पर्श झालेला आहे.

1947 च्या जानेवारीत भारतीय कृषिसंख्याशास्त्र मंडळ स्थापन झाले. डॉ. राजेंद्रप्रसाद हे त्याचे अध्यक्ष व सुखात्मे हे चिटणीस झाले. पुढे 1951 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्यांस रोम येथे बोलावून घेतले. तेथे संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी 1970 पर्यंत वाहिली. पूर्वी एका जिल्ह्याचे धान्य मोजणाऱ्या या गृहस्थावर आता सर्व जगाची भूक मोजण्याची जबाबदारी आली.

जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे त्या काळी मोठमोठे लोक सांगत. सुखात्मे यांनी 1961 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचून दाखविले की, पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 10 ते 15 आहे. पोट भरूनही निकस अन्नामुळे पोषण न होणारे त्यांत मिळविले, तर हे प्रमाण जगाच्या निम्म्यापर्यंत जाते. या कामगिरीबद्दल त्या संस्थेने त्यांस गाय रौप्यपदक अर्पण केले. भारत सरकारने 1971 साली पद्मभूषण ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा ज्या वक्ररेषेत आहे, तिला प्रसामान्य वितरणाची रेषा म्हणतात. धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून लंडनला आश्रयास आलेल्या अब्राहाम द म्वाव्र या प्रॉटेस्टंट गणितज्ञाने 1733 साली ती प्रथम शोधून काढली. देवळातील घंटेसारखा तिचा आकार. मध्ये सरासरीजवळ माणसांची दाटी, व दोन्ही टोकांकडे ती विरळ होत जाते. सरासरीपासून माणसे किती पसरलेली आहेत, हे दाखविणाऱ्या मापास प्रमाण विचलन म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे आम्ही केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत. एका गावी 10,000 प्रौढ माणसे आहेत. त्यांची अन्नाची रोजची गरज सरासरीने 2,400 उष्मांक असून प्रमाण विचलन 300 आहे. देवाच्या कृपेने त्या गावी कोणीच उपाशी नाही. ज्याला जितके लागते तितके तो खातो. आता एखाद्या अधिकाऱ्याने ठरविले की, 2,400 पेक्षा कमी खाणारा तो उपाशी. हल्ली आलेख काढणारे गणकयंत्र मिळते. त्यात प्रसामान्य वितरणाची कळ निवडून खालची मर्यादा 0, वरची मर्यादा 2,400, सरासरी 2,400 व प्रमाण विचलन 300 असे चार आकडे क्रमाने द्यावे. उत्तर येते 0.5, म्हणजे 5,000 माणसे उपाशी! वरची मर्यादा 2,100 केली की उत्तर सुमारे 0.1587, म्हणजे 1,587 माणसे. ती 1,800 केली, म्हणजे सरासरीखाली दोन विचलने उतरलो, की उत्तर सुमारे 0.0228, म्हणजे अवघी 228 माणसे. गाव तेच, भाकरीही तीच. पण रेघ सरकली तशी भूक पाच हजारांवरून सव्वादोनशेवर आली. पूर्वी याच कामासाठी छापील कोष्टके चाळावी लागत. यंत्राने श्रम वाचविले खरे, पण रेघ कोठे ओढावी हे ते सांगत नाही. ते ठरविणे मनुष्याच्या विवेकाकडेच राहते.

सरासरी ही कोणा एका मनुष्याची गरज नव्हे, आणि सरासरीची रेघ ओढली तर तृप्त माणसेही उपाशी ठरतात, हे सुखात्मे यांनी निक्षून सांगितले. म्हणून रेघ सरासरीखाली दोन विचलनांवर असावी, असे त्यांचे मत होते. निवृत्तीनंतर पुण्यास राहून त्यांनी याच विषयाचा पुढे अभ्यास केला. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक कमी-अधिक होते, असे ते प्रतिपादन करीत. नुसते धान्य वाढवून भागत नाही, शुद्ध पाणी व स्वच्छता नसेल तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, याकडेही त्यांनी लोकांचे लक्ष वेधले.

या मताला विरोध करणारेही थोर होते. पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्यासह 1971 साली भारतातील दारिद्र्याचा विख्यात अभ्यास प्रसिद्ध केला होता. रेघ इतकी खाली ओढली तर खरे भुकेले मोजणीतून निसटतील, हा दांडेकरांचा आक्षेप. तो पोकळ नाही. वरील गावात ज्याची गरज 2,600 आहे असा एखादा मजूर 2,000 वरच दिवस काढू लागला, तर 1,800 ची रेघ त्याला तृप्त ठरवील. वर ओढलेली रेघ तृप्ताला उपाशी म्हणते, खाली ओढलेली रेघ उपाशाला तृप्त म्हणते. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी रेघ कोणत्याही गणितात नाही. आमच्या मते या वादाने दोघांचीही थोरवी वाढली; कारण भूक किती हे भावनेच्या भरात न सांगता, आपली रेघ कोठे व का ओढली हे दोघांनीही उघडपणे मांडले.

28 जानेवारी 1997 रोजी सुखात्मे यांचे निधन झाले. पेरणारा गेला तरी पेरलेले उगवत राहते. मालवीयजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ग्रंथांत तर आहेच, पण शेतात दोरी धरून प्रामाणिकपणे तुकडा आखणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातीही ते आहे.

विद्यार्थिमित्रहो, खोटा तराजू देवाला आवडत नाही, हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहो. आकडा हाही एक तराजूच आहे. नव्याण्णव मेंढरे सुखरूप असता हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाची गोष्टही तुम्हांस ठाऊक आहे. घंटेच्या टोकाशी उरलेले शेकडा दोन म्हणजे क्षुल्लक अवशेष नव्हेत. त्यांत कोणी बाप असेल, कोणी विधवा असेल, कोणी तुमच्याच बाकावरचा सोबती असेल. तेव्हा गणिताच्या वहीत उत्तराखाली दोन रेघा ओढण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःस विचारा की, ही मर्यादा मी येथेच का घातली, आणि तिच्या पलीकडे कोण राहिले. ही सवय ज्याला लागली, त्याची विद्या त्याच्या शेजाऱ्याच्या उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.