मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान बाळासाहेब खेर नव्हते, तर साताऱ्याचे एक कारखानदार होते

महाराष्ट्राच्या राजकारणातला हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला, तर अनेकजण चटकन बाळासाहेब खेर यांचं नाव लिहून मोकळे होतील. पण खेरांच्या आधी त्या खुर्चीवर साताऱ्याचे एक पारशी उद्योजक बसले होते. सर धनजीशा कूपर.

१८७८ साली जन्मलेल्या कूपर यांचं नाव झालं ते कारखान्यामुळे. सातारा रोड रेल्वे स्टेशनजवळच्या त्यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर बनायचे, पुढे डिझेल इंजिनंही बनू लागली. नांगराच्या धंद्यात त्यांची स्पर्धा होती थेट किर्लोस्करांशी.

धंद्यात जम बसला तसे ते राजकारणातही शिरले. त्या काळी सातारा जिल्ह्यात ब्राह्मणेतर चळवळीचा जोर होता. कूपर यांनी या मंडळींना सोबत घेतलं आणि जिल्हा लोकल बोर्डावर पकड बसवली. रस्ते, शाळा, दवाखाने बोर्डाच्या हातात, त्यामुळे गावोगावचे पुढारी त्यांच्याशी जोडले गेले. इथूनच ते मुंबई सरकारपर्यंत पोहोचले.

मग आली १९३७ ची निवडणूक. मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरली. खुद्द सातारा जिल्ह्यातही काँग्रेसनं कूपर यांच्या वर्चस्वाला धक्का दिला. तरीही पंतप्रधान झाले कूपरच!

कसे काय?

नव्या कायद्यात गव्हर्नरकडे विशेष अधिकार होते. ते वापरून आमच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही अशी हमी द्या, तरच सरकार बनवू, असं काँग्रेसनं सांगितलं. हमी मिळेना. शेवटी गव्हर्नरनी कूपर यांना बोलावलं आणि १ एप्रिल १९३७ रोजी त्यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ सत्तेवर आलं. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाच पंतप्रधान म्हणत. जमनादास मेहता यांच्यासारखे जुने नेतेही या मंत्रिमंडळात होते.

पण विधानसभेत बहुमत नव्हतं. अधिवेशन बोलावलं असतं तर सरकार तिथेच पडलं असतं. म्हणून ते बोलावलंच गेलं नाही. जुलैमध्ये काँग्रेसनं सत्ता घ्यायचं ठरवलं आणि १९ जुलैला खेर पंतप्रधान झाले. कूपर यांची कारकीर्द जेमतेम साडेतीन महिन्यांत संपली.

१९४७ साली त्यांचं निधन झालं. गव्हर्नरनी दिलेली खुर्ची लोकांच्या फारशी लक्षात राहिली नाही. साताऱ्याच्या उद्योगात मात्र कूपर हे नाव आजही टिकून आहे.