एका पितळी तुकड्याने स्पिटफायरचं पेट्रोल ताळ्यावर आणलं, आणि तो बनवणारी बाई बाईकवर १७० च्या स्पीडने पळायची

लालबागच्या एका मित्राकडे जुनी एमपीएफआय गाडी आहे. वडिलांची, म्हणून विकवत नाही. तिचा ईसीएम उडाला. नवीन मिळेना, आणि मिळाला तर किंमत ऐकून घाम फुटला. परळच्या एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की इंजेक्शन काढून टाका, कार्बोरेटर बसवा, कटकट संपली. आरटीओ आणि पीयूसीचं काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून कार्बोरेटर आला, बसला, आणि गाडी पहिल्याच स्टार्टला चालू झाली.

दोन दिवसांनी ती लालबागच्या फ्लायओव्हरवर बंद पडली. मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास, प्लग काळे आणि ओले. बॉनेट उघडलं तर गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकत होतं. म्हणजे गाडी नुसती बंद पडली हे नशीबच म्हणायचं.

निदान झालं की पेट्रोल ओव्हर होतंय. मग मेकॅनिकने पाइपमध्ये बारीक भोक असलेली एक चकती अडकवली. ही आयडिया काही परळची नाही. ८० वर्षांपूर्वी हीच आयडिया एका बाईने लढाऊ विमानांत वापरली होती आणि तिथे ती चालली होती. परळमध्ये मात्र चालली नाही. का, ते शेवटी बघू. आधी या बाईंची गोष्ट.

नाव बिॲट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९, इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या वॉटरलूव्हिल गावचा. वडील खाटीक. चौदाव्या वर्षी पोरीने मोटरसायकल घेतली आणि ती स्वतःच खोलायला, जोडायला लागली. शाळा संपल्यावर मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या इंजिनिअर बाईंकडे नोकरी धरली. काम काय, तर घरोघरी वीज पोचवायची, वायरिंग करायचं, जनरेटर बसवायचे. पार्ट्रिजबाईंनीच तिला पुढे शिकायला भाग पाडलं. मँचेस्टर विद्यापीठात तिने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री १९३२ मध्ये घेतली, आणि वर्षभरात मेकॅनिकलची मास्टर्स डिग्रीही. वर्गात मुली किती, तर दोन.

याच काळात तिने रेसिंग सुरू केलं. नॉर्टनची ५०० सीसीची बाईक स्वतः ट्यून करायची आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नामवंत रायडर्सना मागे टाकायचं. तिथे ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारणाऱ्याला गोल्ड स्टार मिळायचा. शिलिंगने १०६ चा लॅप मारला. म्हणजे १७० किलोमीटर. तेव्हाचे टायर आणि ब्रेक आठवा, मग हा आकडा पुन्हा वाचा. पुढे १९३८ मध्ये तिने जॉर्ज नेलरशी लग्न केलं. त्यानेही गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय ती लग्नाला तयार झाली नाही, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, तिला शोभतो.

१९३६ मध्ये शिलिंगबाई फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये लागल्या. ही ब्रिटनची विमान संशोधनाची सरकारी संस्था. सुरुवातीला टेक्निकल माहिती लिहायचं टेबलावरचं काम मिळालं. हात काळे करायची सवय असलेल्या माणसाला ते कितपत रुचणार? थोड्याच काळात त्या कार्बोरेटरच्या कामाला लागल्या, आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं.

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही ब्रिटिश विमानांत रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. त्याला कार्बोरेटर होता. समोरच्या जर्मन मेसरश्मिटमध्ये डेमलर बेंझचं फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन होतं. रोल्स रॉइसवाले मागासलेले होते म्हणून कार्बोरेटर ठेवला, असं नाही. सुपरचार्जरच्या आधी पेट्रोल हवेत मिसळलं की त्याची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा जास्त मावते आणि ताकद वाढते. हिशोब बरोबरच होता.

गडबड व्हायची ती विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की. रोलर कोस्टरमध्ये पोटात गोळा येतो ना, तसंच कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचं व्हायचं. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वर उसळायचं, तळाचे जेट कोरडे पडायचे आणि इंजिन अडखळायचं. खरा घोटाळा त्यानंतरचा. पेट्रोल वर गेलं की फ्लोट उलटा तळाला जायचा. फ्लोट खाली म्हणजे चेंबर रिकामं, एवढंच नीडल व्हॉल्व्हला कळतं. तो पूर्ण उघडायचा, पंप धो धो पेट्रोल ओतायचा, मिश्रण नको तितकं रिच व्हायचं. काळा धूर सोडून इंजिन बंद.

जर्मन पायलटना हे लगेच कळलं. मागे स्पिटफायर लागलं की नाक दाबायचं आणि सरळ खाली सुटायचं. ब्रिटिश पायलटला आधी विमान अर्धं उलटं करून मग डाइव्ह मारायला लागायची, कारण तसं केल्यावर पेट्रोल जागेवर राहतं. त्या दोन-तीन सेकंदांत पुढचा पसार. आणि उलट वेळ आली, जर्मन मागे लागला, तर त्याच सेकंदांत यांचा जीव जायचा.

नवीन कार्बोरेटर बनवायला वेळ लागणार होता. शिलिंगबाईंनी वेगळा विचार केला. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना जास्तीत जास्त किती पेट्रोल पितं, ते बघितलं. पंप त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त देऊ शकत होता, आणि तोच जास्तीचा भाग इंजिन बुडवत होता. मग पेट्रोलच्या लाइनमध्ये बरोबर तेवढंच पेट्रोल जाईल अशा मापाचं भोक असलेला पितळी तुकडा बसवला. आधी तो शिंप्याच्या अंगुस्तानासारखा होता, नंतर साधी चपटी चकती झाली. इंजिनाच्या बूस्टप्रमाणे दोन मापं. विमान हँगरमध्ये अडकवून ठेवायची गरज नाही.

मार्च १९४१ पर्यंत त्या छोटी टीम घेऊन एकेका हवाई तळावर जाऊन हे तुकडे बसवत होत्या. पायलटांनी त्याला शिलिंगबाईंच्या नावाचं एक टोपणनाव ठेवलं. ते इंग्रजीत द्वयर्थी आहे, इथे भाषांतर करत नाही.

व्हॉट्सॲपवर या बाईंनी बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिलं असं फिरतं. तारखा बघा. ती लढाई १९४० च्या ऑक्टोबरमध्ये संपली होती. शिवाय सुरुवातीचं अडखळणं या चकतीने गेलं नाही, इंजिन बुडून बंद पडणं गेलं. पण पुढची दोन वर्षं, १९४३ मध्ये प्रेशर कार्बोरेटर येईपर्यंत, पायलट याच तुकड्याच्या भरवशावर नाक खाली दाबत होते.

मुंबईचाही यात एक धागा आहे. स्पिटफायरसाठी साम्राज्यभर वर्गणी गोळा व्हायची, आणि ज्या शहराने मोठी रक्कम दिली त्याचं नाव तुकडीला मिळायचं. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची १३२ नंबरची स्क्वॉड्रन स्पिटफायर घेऊन पुन्हा उभी राहिली. तिचं नाव सिटी ऑफ बॉम्बे.

युद्धानंतर शिलिंगबाईंनी ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात यावर काम केलं, ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रावर केलं. बाईक सुटली तर कार रेसिंग धरलं. १९६७ मध्ये डॅन गर्नीच्या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापत होतं, तेव्हा त्याच्या टीमने यांनाच बोलावलं. १९६९ मध्ये रिटायर झाल्या, नोव्हेंबर १९९० मध्ये गेल्या.

आता परळची चकती. शिलिंगबाईंचा प्रॉब्लेम होता जास्त पेट्रोल वाहण्याचा, आणि भोक वाहणं कमी करतं. मित्राच्या गाडीचा प्रॉब्लेम प्रेशरचा होता. इंजेक्शनचा टाकीतला पंप साधारण ४० पीएसआयने ढकलतो, कार्बोरेटरला ३ ते ५ पुरतात. गाडी सिग्नलला आयडलवर उभी असताना पेट्रोल जवळपास वाहतच नाही, त्यामुळे बारीक भोकातूनही हळूहळू पूर्ण प्रेशर पलीकडे पोचतं आणि नीडलला ढकलून आत घुसतं. जास्तीचं प्रेशर जायला टाकीकडे परतीची वाट हवी. मेकॅनिकने इंजेक्शन काढताना ती रिटर्न लाइनच बंद करून टाकली होती.

शेवटी टाकीतला पंप काढून कमी प्रेशरचा टाकला, रिटर्न लाइन परत जोडली. गाडी आता फ्लायओव्हर विनातक्रार उतरते. पीयूसी अजून व्हायचंय.