साखळी आधी, शास्त्र मागाहून : फ्रेडरिक डग्लस यांचे जीवन

माणसामाणसांतील उच्चनीच भेद कोणी निर्माण केला? देवाने, निसर्गाने की माणसानेच? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका गुलामाने आपल्या आयुष्याने दिले. त्यांचे नाव फ्रेडरिक डग्लस. धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, त्यांचे चरित्र आपल्या मुलाबाळांना अवश्य सांगा.

डग्लस यांचा जन्म १८१८ साली मेरीलँड राज्यात झाला. जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही, कारण गुलामांच्या जन्माची नोंद ठेवण्याची गरज मालकाला वाटत नसे. आई हॅरिएट बेली ही काळी गुलाम स्त्री. बाप गोरा होता असे लोक बोलत. मग मूल कोण? कायदा सांगे, आई गुलाम तर मूल गुलाम. अंगात गोऱ्याचे रक्त असले तरी ते बालक मालमत्ताच ठरले. वंश रक्ताने ठरत नव्हता, मालकाच्या सोयीने ठरत होता.

लहानपणी त्यांना बाल्टिमोर शहरी मालकाच्या आप्तांकडे पाठविले. तेथील बाईने त्यांना मुळाक्षरे शिकविण्यास सुरुवात केली. नवऱ्याने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हे तो जाणून होता. त्या मनाईतूनच मुलाला मुक्तीची वाट दिसली. खिशात भाकरी घालून ते रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना देत आणि बदल्यात अक्षरे शिकत.

पुढे त्यांचा मालक थॉमस ऑल्ड एका मेथडिस्ट धर्ममेळाव्यात भाविक झाला. आता तरी त्याचे मन द्रवेल, अशी डग्लस यांना आशा होती. घडले उलटेच. प्रार्थना वाढल्या आणि चाबूकही वाढला. एका अपंग गुलाम तरुणीला फटके मारताना तो बायबलातील वचने म्हणे. गुलामांना वाचायला शिकविणारी रविवारची शाळा त्याने आणि इतर धर्मनिष्ठांनी काठ्या घेऊन उधळली. धर्मगुरू सांगत, हॅमच्या वंशाला शाप आहे, म्हणून काळ्यांनी सेवा करावी.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश घालून आणि दुसऱ्याचे कागदपत्र जवळ ठेवून डग्लस निसटले. अॅना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीने त्यांना साहाय्य केले. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या. न्यू बेडफर्ड गावच्या चर्चमध्ये ते गेले, तर तेथेही काळ्यांची बैठक वेगळी आणि प्रभुभोजनाचा प्रसाद गोऱ्यांच्या मागून. ते उठून बाहेर पडले आणि कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र चर्चमध्ये सामील झाले. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही. मालकांचा धर्म मात्र त्यांनी खोटा ठरविला. १८४५ साली आत्मचरित्र लिहून त्यांनी हे सारे जगापुढे मांडले.

धर्माचा आधार डळमळू लागला तेव्हा गुलामगिरीने विज्ञानाचा आधार शोधला. सॅम्युअल मॉर्टन नावाच्या डॉक्टरने कवट्या जमवून, त्यांत बी आणि पुढे शिशाचे छर्रे भरून त्यांचे आकारमान मोजले व गोऱ्यांना वरचे स्थान दिले. नॉट आणि ग्लिडन यांनी १८५४ साली मानवजातींची उत्पत्तीच वेगवेगळी असल्याचा ग्रंथ काढला. त्याच वर्षी १२ जुलैला ओहायोतील वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजात डग्लस यांनी या विद्वानांना जाब विचारला. ग्रंथांतील चित्रांत गोऱ्याचा चेहरा देखणा आणि काळ्याचा विद्रूप काढलेला असतो, हे त्यांनी दाखविले. आयर्लंडमधील गरीब गोरे मजूर त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दारिद्र्याने त्यांची अंगकाठीही मळ्यांवरील गुलामांसारखी झाली होती. परिस्थिती माणसाला घडविते, हा त्यांचा निष्कर्ष. ज्याला दुसऱ्याला गुलाम करायचे असते तो गुलामाच्या ठायी दोष शोधतो, हे त्यांनी ओळखले होते. आधी साखळी घातली गेली, तिचे समर्थन मागाहून लिहिले गेले. आणि उत्पत्ती वेगळी मानली, तरी माणसाचा हक्क त्याच्या माणूसपणातूनच येतो, असे त्यांनी बजावले.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. अॅना यांच्या निधनानंतर १८८४ साली डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी विवाह केला. तेव्हा गोरे रागावले आणि काळेही रागावले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकन लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत, हे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८४८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९४८ च्या आपल्या ग्रंथात खोडून काढले.

बंधुभगिनींनो, थॉमस ऑल्डनेही धर्म स्वीकारला होता. पण त्याच्या हातातील चाबूक सुटला नाही, म्हणून तो स्वीकार व्यर्थ गेला. आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. आता सोयरीक जुळविताना पोटजात विचारणे आपल्या घरातून गेले आहे काय? आपल्याहून खालचा म्हणून कोणाच्या हातचे पाणी टाळणे गेले आहे काय? हे प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावेत. धर्मांतर मनातला भेद जाळते तेव्हाच ते पूर्ण होते.