काड्यापेटीतल्या काड्यांना ॲक्टिंग करायला लावणारे दादासाहेब फाळके

मोबाईल स्टँडला लावायचा, टेबलावरची वस्तू थोडीशी सरकवायची, फोटो काढायचा. परत सरकवायची, परत फोटो. असे शे-दोनशे फोटो जोडले की वस्तू आपोआप चालायला लागते. असले रील्स तुम्ही ढिगाने बघितले असतील. याला म्हणतात स्टॉप मोशन.

आपल्याकडे हा उद्योग १९१५ सालीच एका मराठी माणसाने केला होता. तेव्हा एडिटिंग ॲप सोडा, त्याच्या घरी पैशांचीही मारामार होती.

चित्रं, फोटो, छपाई आणि जादू

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल दोघंही गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला. जादूचे प्रयोगही ते करायचे, तेही आपलंच आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने!

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला आणि डोक्यात एकच किडा वळवळायला लागला, की आपले देव पडद्यावर कधी येणार? त्यानंतर त्यांनी इतके सिनेमे बघितले की डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ दिसेनासं झालं. बरं झाल्यावर विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले.

वाटाण्याने मिळवून दिलं भांडवल

कॅमेरा आला, पण सिनेमावर पैसे लावणार कोण? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलवता महिनाभर त्याची थोडी थोडी फ्रेम टिपली. पडद्यावर बघताना महिन्याभराची वाढ मिनिटभरात होत होती. ‘अंकुराची वाढ’ ही ती फिल्म. ती बघून कर्ज देणारा माणूस मिळाला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला.

यात पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा मोठा. त्यांनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक सांभाळला. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामंही त्या शिकल्या.

मग आल्या आगकाड्या

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. भांडवलदारांनी हात आखडता घेतला. मोठा पौराणिक सिनेमा करायचा तर सेट, कपडे, माणसं, सगळ्यालाच पैसा लागतो. आगकाड्यांना मात्र ना पगार लागतो ना कपडे. याच काळात फाळकेंनी काही छोट्या फिल्म केल्या. त्यातली एक ‘आगकाड्यांची मौज’. काडी थोडीशी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा फ्रेम्स लागायच्या, म्हणजे एका मिनिटासाठी जवळपास हजार वेळा हेच. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्ये असाच काड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये फाळकेंनी नाण्यांची करामत दाखवली.

पुढे ‘लंका दहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांनी जी ट्रिक फोटोग्राफी केली, ती लोकांनी डोक्यावर घेतली. ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे त्यांचीच मुलगी मंदाकिनी.

शेवट मात्र चटका लावणारा

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, तब्बल पंचवीस वर्षांनी.

‘आगकाड्यांची मौज’ आज बघायला मिळत नाही. उरलंय ते फक्त नाव. तेव्हा पुढच्या वेळी बजेट नाही म्हणून एखादी आयडिया सोडून द्यावीशी वाटली, तर स्वयंपाकघरातली काड्यापेटी एकदा उघडून बघा.