पाऊस आला की बाकीच्यांना धडकी भरायची, आयर्टन सेना मात्र टायरच्या जोरावर रेस मारायचा..

तारीख ११ एप्रिल १९९३. इंग्लंडमधलं डॉनिंग्टन पार्क सर्किट. आभाळ भरून आलेलं, ट्रॅक ओलाचिंब. फॉर्म्युला वनची युरोपियन ग्रांप्री सुरू झाली तेव्हा ब्राझीलचा आयर्टन सेना चौथ्या नंबरवर उभा होता. पहिल्या वळणापर्यंत तो पाचवा झाला.

आणि पहिला लॅप संपायच्या आत तो सगळ्यांच्या पुढे होता.

मायकेल शुमाखर, कार्ल वेंडलिंगर, डेमन हिल आणि अलेन प्रॉस्ट या चौघांना त्याने एकाच लॅपमध्ये मागे टाकलं. हिल आणि प्रॉस्टकडे तर त्याच्यापेक्षा भारी गाडी होती.

पण पावसात फक्त गाडी भारी असून चालत नाही. खेळ टायरचा असतो आणि हा खेळ सेना लहानपणीच शिकला होता.

२१ मार्च १९६० चा त्याचा जन्म, गाव साओ पाउलो. घरची परिस्थिती चांगली. चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावलेली छोटी कार्ट बनवून दिली. तेराव्या वर्षी तो रेसमध्ये उतरला. सुरुवातीच्या काळात एकदा ट्रॅकवर पाऊस झाला आणि त्याची पार फजिती झाली. कोणीही यावं आणि त्याला ओव्हरटेक करून जावं, अशी गत.

त्यानंतर पाऊस सुरू झाला की पोरगं कार्ट घेऊन ट्रॅकवर जायचं. लोक घरी परतायचे, याचा सराव सुरू व्हायचा.

आता पावसात नेमकं होतं काय, तेही बघू.

कोरड्या ट्रॅकवर रेसच्या गाड्यांना स्लिक टायर लावतात. एकदम गुळगुळीत, एकही खाच नाही. त्यामुळे जास्तीत जास्त रबर रस्त्याला चिकटतं. पण रस्त्यावर पाणी साचलं की याच टायरखालून पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. वेग वाढला की टायर पाण्यावर चढतो आणि गाडी अक्षरशः तरंगायला लागते. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

म्हणून पावसासाठी खाचांचे टायर असतात. फॉर्म्युला वनमधला आजचा एक वेट टायर ३०० किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो.

मग सरळ तेच लावायचे ना? इथेच गोम आहे. ट्रॅक सुकायला लागला की खाचांमधलं मऊ रबर तापतं आणि झिजतं. उलट स्लिक टायर ओल्या रस्त्यावर थंड पडला की त्याची पकड जाते. टायर बदलायला एक लॅप लवकर आलात तरी फटका, उशिरा आलात तरी फटका.

सेनाला हे गणित कळायचं. त्यात पावसात तो नेहमीची लाइन सोडून गाडी काढायचा. कारण रोजच्या लाइनवर रबर घासून रस्ता गुळगुळीत झालेला असतो आणि पाणी पडलं की तोच भाग सगळ्यात जास्त घसरतो.

१९८४ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये आला, टोलमन नावाच्या छोट्या टीमकडून. मोनॅकोच्या धो धो पावसात तेराव्या नंबरवरून सुटून तो दुसरा आला. पहिल्या नंबरवरच्या प्रॉस्टला तो गाठणारच होता, तेवढ्यात पावसामुळे रेस थांबवली. रेस अर्धवट राहिल्याने पॉइंटही अर्धेच मिळाले. गंमत म्हणजे त्या वर्षीचं विजेतेपद प्रॉस्टच्या हातून अवघ्या अर्ध्या पॉइंटने गेलं.

पुढच्या वर्षी लोटस टीमकडून पोर्तुगालच्या एस्टोरिलमध्ये त्याने पहिली रेस जिंकली. अर्थात पावसातच. दुसरा आलेला मिशेल अल्बोरेटो एक मिनिटाहून जास्त मागे होता.

१९८८ मध्ये जपानच्या सुझुकाला सुरुवातीलाच गाडी बंद पडली आणि सेना चौदाव्या नंबरवर फेकला गेला. मध्येच पावसाची भुरभुर सुरू झाली. पायात स्लिक टायर, तरीही त्याने प्रॉस्टला गाठलं, रेस जिंकली आणि पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. १९९० आणि १९९१ ला पुन्हा.

त्याच काळात होंडा एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार बनवत होती. १९८९ मध्ये सुझुकाला सेनाने ती चालवून बघितली आणि गाडीचा सांगाडा नाजूक वाटतोय असं सांगितलं. कंपनीने तो आणखी मजबूत केला. कारण साधं आहे. वळणावर सांगाडा वाकला तर टायर रस्त्यावर नीट बसत नाही, मग कितीही महागाचा टायर लावा.

डॉनिंग्टनलाही हाच हिशोब कामी आला. दिवसभर पाऊस येत-जात होता. प्रॉस्टने तब्बल सात वेळा पिटमध्ये गाडी आणली. सेना मात्र भुरभुर असताना स्लिक टायरवरच बाहेर थांबायची रिस्क घेत राहिला. शेवटी दुसरा आलेला हिल १ मिनिट २३ सेकंद मागे होता. बाकी सगळ्यांवर सेनाने लॅप चढवला होता.

पुढच्या वर्षी १ मे १९९४ ला इटलीतल्या इमोलामध्ये सेनाची गाडी टॅम्बुरेलो वळणावर भिंतीला धडकली. वय अवघं ३४. अपघात कशामुळे झाला यावर वर्षानुवर्षं वाद झाले. कुणी तुटलेल्या स्टिअरिंग कॉलमकडे बोट दाखवलं, तर कुणी सेफ्टी कारमागे हळू चालून थंड पडलेल्या आणि हवा कमी झालेल्या टायरकडे.

पावसाच्या या राजाचा जीव गेला त्या दिवशी ट्रॅक कोरडा होता.

त्याची गोष्ट रोजच्या रस्त्यावरही लागू पडते. सिमेंटच्या हायवेवर बारीक आडव्या रेघा दिसतात, त्या पाण्याला टायरखालून वाट मिळावी म्हणून असतात. काही रस्त्यांवर या रेघा लांबीच्या दिशेने असतात, तिथे रुंद टायरची गाडी हलकीशी इकडेतिकडे ओढल्यासारखी वाटते. तेव्हा घाबरून स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही.

पण रस्त्याच्या रेघा थोडीच मदत करतात, बाकीचं काम टायरच्या खाचांचं. भारतात कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. टायर गोटा झाला म्हणजे तुम्ही भर पावसात स्लिक टायरवर गाडी चालवताय.

आणि ते जमायला लहानपणापासून पावसात सराव केलेला आयर्टन सेना असावं लागतं..