कविवर्य नर्मद यांचे लेखणीव्रत

आधुनिक गुजराती साहित्याचे प्रवर्तक नर्मदाशंकर लालशंकर दवे, उपाख्य कवी नर्मद, यांचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ रोजी सुरत येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात अध्ययन करून ते शिक्षक झाले. परंतु १८५८ साली नोकरीचा त्याग करून केवळ लेखणीच्या आश्रयाने जगण्याचा त्यांनी संकल्प केला. ‘नर्मकविते’तून निसर्ग, प्रीती व स्वदेश यांना त्यांनी नवी वाणी दिली. १८६४ साली ‘दांडियो’ हे पाक्षिक काढून रूढी व दंभ यांवर निर्भयपणे प्रहार केले. विधवाविवाहाचा नुसता पुरस्कार न करता स्वतः विधवेचे पाणिग्रहण केले. १८६६ साली लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र ‘मारी हकीकत’ सर्वसामान्य वाचकांस मात्र १९३३ साली लाभले. सुमारे पंचवीस हजार शब्दांचा ‘नर्मकोश’ त्यांनी एकट्याने सिद्ध करून १८७३ साली प्रसिद्ध केला.

कीर्ती वाढत गेली, तसे ऋणही वाढले. अखेर १८८२ साली, चोवीस वर्षांनंतर, गोकुळदास तेजपाल धर्मादाय संस्थेतील नोकरी त्यांना जड अंतःकरणाने पत्करावी लागली. २६ फेब्रुवारी १८८६ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. व्रत भंगले खरे. परंतु त्या चोवीस वर्षांच्या तपश्चर्येचे फळ गुर्जर भाषेच्या पदरी कायमचे पडले.